साथवाळा बहार

भाद्रपद उतरणीला लागला की प्रयोगशाळेच्या खिडकीखाली बाह्यरुग्ण विभागाची रांग लांबते, आणि वर न पाहताच मला कळते की ऋतू आला. खोकल्यांना मी ओळखते. लूमच्या कारखान्यात वर्षानुवर्षे धाग्याचा तूस गिळलेल्या छातीचा खोकला जुना आणि सवयीचा असतो. तो बोलता बोलता येतो, माणूस हाताने तोंड पुसतो आणि वाक्य पुढे चालू ठेवतो. तापाचा नवा खोकला तसा नसतो. तो वाक्य तोडतो. तो येऊन गेला की माणूस क्षणभर इकडेतिकडे पाहतो, कोणी ऐकले तर नाही ना, अशा नजरेने.

यंदा ते खोकले पुन्हा सुरू झाले आहेत. दवाखान्याची नवी इमारत उभी राहते आहे. तिच्यासाठी साथीच्या काळातील आपत्कालीन आराखडा नव्याने तयार करायचा आहे आणि तो मी लिहावा असे ठरले आहे. पहिल्याच वाक्यात ‘साथ’ हा शब्द येतो आणि माझे पेन थबकते. सूक्ष्मजीवांचा अभ्यास केलेल्या बाईने एका शब्दाला बिचकावे, हे मुळीच शास्त्रीय नाही. पण एका पावसाळ्यात तो शब्द माझ्या घराच्या उंबऱ्यापर्यंत चालत आला होता, आणि त्याने माझ्या वडिलांना जवळजवळ उचलून नेले होते.

तो सुरतेतल्या प्लेगनंतरचा पहिला पावसाळा. शहर तेव्हा घासून काढल्यासारखे दिसत होते. गटारांच्या कडेने पांढऱ्या पावडरीच्या रेघा, पहाटेपासून झाडूंचा आवाज, कचऱ्याच्या नव्या गाड्या. एखादा मेलेला उंदीर दिसला की त्याच्याभोवती माणसांचे एक मोकळे वर्तुळ आपोआप तयार होई. शहर स्वच्छ झाले होते. धीट व्हायला त्याला वेळ लागणार होता. आदल्या वर्षी पळालेली माणसे परतली होती, पण पळण्याची ओढ त्यांच्या पायांत राहून गेली होती. स्टेशनाच्या दिशेने कोणी जरा भरभर चालू लागले तरी बाकीचे वळून पाहत.

मी नुकतीच पदव्युत्तर शिक्षण संपवून उधन्याच्या बाजूच्या एका धर्मादाय दवाखान्यात रुजू झाले होते. मला घाई होती. डिंडोलीच्या एका खोलीच्या घरात, स्टोव्हच्या आवाजात अभ्यास करून बाहेर पडलेल्या मुलीला असते तशी, सगळ्यांच्या आधी बरोबर ठरण्याची घाई. सगळे शहर उंदरांवर लक्ष ठेवून होते, तेव्हा मी दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर देसाई यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले की पुढची साथ कदाचित शिंकेतून येईल. मोठा फ्लू आला तर आपल्याकडे काय तयारी आहे? देसाई साहेब मितभाषी होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“करो तैयार,” ते म्हणाले.

मुख्य परिचारिका कोकिलाबेन शेजारीच उभ्या होत्या. त्या अस्सल सुरती. त्यांच्या बोलण्यात शिवी आणि माया एकाच वाक्यात नांदत. मी रंगीत पेन्सिलींनी काढलेला दवाखान्याचा नकाशा टेबलावर पसरला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

“आ सर्दीनो प्लान छे के लग्ननो? मांडव क्यां छे?”

मी गंभीरपणे दाखवले. मांडव खरोखरच होता. तापाच्या रुग्णांसाठी मागच्या अंगणात वेगळा दरवाजा, तिथे ताडपत्रीचा आडोसा, एक खिडकी, खिडकीत तोंडाला मास्क बांधलेली परिचारिका. तिथून रुग्ण थेट वेगळ्या वॉर्डात. ऑक्सिजनचे सिलिंडर कुठे उभे राहतील, सुती मास्क कुठे उकळले जातील, मळके कपडे कोणत्या जिन्याने उतरतील, सगळे त्या नकाशावर होते. रुग्णासोबत आलेल्या सर्वांनी बाहेरूनच परत जायचे. हा नियम मला विशेष प्रिय होता. आपल्याकडे एक माणूस आजारी पडला की चौघे त्याच्या खाटेवर बसतात, पाचवा डबा घेऊन येतो, सहावा त्या पाचव्याला शोधायला येतो. ही साखळी एका लाल रेघेने तोडता येते, याचा मला आनंद होत होता. तसा आनंद गणित सुटल्यावर होतो. गणितातली माणसे आपल्या ओळखीची नसतात म्हणूनच तो इतका निर्मळ असतो, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलेले नव्हते.

घरी निराळा आराखडा होता. तो आईचा.

प्लेगच्या वेळी बांधलेले गाठोडे तिने सोडलेच नव्हते. दाराच्या मागे, चपलांच्या वर, एका खुंटीला ते लटकत असे. आत एक गोधडी, आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सदरा, पेला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पुरचुंडी. पिठाला जाळी धरू लागली की आई ते खाली उतरवी, जुन्या पिठाच्या भाकरी करी, नवे पीठ भरी आणि पुन्हा तशीच घट्ट गाठ मारी. त्या दिवशी आमच्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा असे. तिखटाने नाक वाहत असताना मला दरवेळी वाटे की आपण भीतीचे उरलेसुरले खातो आहोत. आबा हसत. मागाच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई. त्यांच्या पिढीची सगळीच लूमवाली माणसे मोठ्याने बोलत आणि समोरच्याचे ओठ वाचत. ते आईच्या ओठांकडे पाहून गावच्या बोलीत म्हणत, “गाठोडं सोडी टाक वं आते. प्लेग त्याना गावले गया.”

आई सोडत नसे. तिचे कारण काकांचे होते.

काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. आमच्याच घरी राहत, त्याच कारखान्यात काम करत, आबांच्या नकला करून आम्हाला हसवत. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांना ताप भरला. त्यांना दवाखान्यात नेले, दार बंद झाले, आबा आणि आई फाटकाबाहेर थांबले. आत भोवताली सगळे तोंड झाकलेले. ज्यांचे ओठ वाचता येतील असा एकही चेहरा नाही. काकांना काय वाटले ते कोणालाच कळले नाही. ते तिथून उठले, फाटकावरच्या गर्दीत आबांना न दिसता निघून गेले, उधन्याला भुसावळची गाडी धरली आणि गावी पोचले. पुढचा पंधरवडा त्यांनी पाहिला नाही. तो ताप कशाचा होता हे आजही मला माहीत नाही. त्यांच्या थुंकीचा नमुना कोणी घेतलाच नव्हता. या शहरातील कितीतरी नमुने मी नंतर पाहिले. न घेतलेला तो एक नमुना मात्र मनातल्या सूक्ष्मदर्शकाखालून हलत नाही.

आई या सगळ्याचा सारांश एका वाक्यात सांगे. “घरनं मानूस जोडे नव्हतं म्हनीसन तो पळना.” जोडे म्हणजे जवळ. मी ते वाक्य अनेकदा ऐकले होते. अनेकदा ऐकलेले वाक्य आपण हळूहळू ऐकेनासे होतो.

त्या वर्षी ताप वाढू लागले तेव्हा देसाई साहेबांनी आराखड्याची चाचणी घ्यायचे ठरवले. मागचे अंगण उघडले. ताडपत्रीवर साचलेल्या पाण्याचा फुगा अधूनमधून काठीने वर ढकलून रिकामा करावा लागे. ते पाणी कोसळले की रांगेतली माणसे दचकत. खिडकीत कोकिलाबेन मास्क बांधून उभ्या. फिनेलचा, उकळत्या कापडाचा आणि ओल्या मातीचा वास एकमेकांत मिसळलेला. मी प्रयोगशाळेत होते. खालून येणारा गलका मला आराखडा चालत असल्याची खूण वाटत होता. दुपारनंतर तो गलका एकदम कमी झाला. रांग लवकर संपली, असे मी समजले.

संध्याकाळी डिंडोलीला पोचले तर गल्लीत रिक्षा उभ्या होत्या. शेजारच्या घराला कुलूप. समोर एक बाई स्टोव्हला दोरी बांधत होती. मला पाहताच ती थांबली आणि चार पावले मागे सरली. दवाखान्यातून आलेली म्हणून.

घरात गाठोडे खुंटीवरून उतरले होते. आबा भिंतीला टेकून बसले होते. गोधडी गाठोड्यात असल्यामुळे त्यांच्या अंगावर आईचे जुने लुगडे होते, आणि त्यांचा चेहरा तापाने तांबूस दिसत होता. कपाळाला हात लावायची गरज नव्हती. ते मला काही सांगू लागले आणि खोकल्याने त्यांचे वाक्य मध्येच तुटले.

“सकायनी गाडीथीन गावले जाई राहिनूत,” आई म्हणाली. “साथ ऊनी.” साथ आली, एवढेच तिचे कारण.

“कोनी सांगं?”

“तुना दवाखानानी बाईनी सोता सांगं.”

मला शिकवलेले होते की साथ दिसली की आधी तिचा पहिला रुग्ण शोधायचा. मग अफवेचा पहिला रुग्ण का शोधू नये? तो दोन घरे सोडून सापडला. बापूभाऊ, शिरपूरकडचे, आबांच्याच वयाचे आणि त्यांच्यासारखेच कानाने कमी. सकाळी ते ताप आलेल्या बायकोला घेऊन आमच्या दवाखान्यात आले होते. आता ते दारात बसून ट्रंकेच्या कडीशी झगडत होते.

“बापूभाऊ, खिडकीमानी बाई काय बोलनी? तिना शब्द सांगा.”

“तिना तोंडवर फडका. आयकू काय येई? पन एक शब्द ती जोरबन बोलनी, माले बोट दाखाडीसन बोलनी.” त्यांनी बोट माझ्यावर रोखले. “‘साथवाळा बहार!’ माले ताप नही, खोकला नही. तरी माले म्हने साथवाळा! मी लगेच बायकोले मझारथीन काढी अन् घर उनू.”

मला आधी हसू आले. मग हसू जिथून आले तिथेच थिजले.

गुजरातीत ‘साथे’ म्हणजे सोबत. साथवाळा म्हणजे बरोबर आलेला, रुग्णाचा सोबती; बहार म्हणजे बाहेर. कोकिलाबेन माझ्याच लाल रेघेचा नियम पाळत होत्या; सोबत्यांनी बाहेर थांबावे, एवढेच त्या सांगत होत्या. गुजरातीत साथीच्या रोगाला रोगचाळो म्हणतात. आपण ज्या शब्दाने दुसऱ्याला धीर देतो त्याच शब्दाने मराठी माणूस महामारीला हाक मारतो, हे त्यांना कोण सांगणार? आणि बापूभाऊ काही काल सुरतेत आलेले नव्हते. भाजी, भाडे, मालकाशी हुज्जत, सगळे ते गुजरातीत करत. पण ओठ झाकलेले होते, वर्ष प्लेगनंतरचे होते, आणि माणसाला भीती ऐकू येते ती त्याच्या आईच्या भाषेतच. तो एक शब्द बापूभाऊंच्या घरातून निघाला आणि दिवे लागेपर्यंत गल्लीभर पसरला. कोणत्याही विषाणूला त्या वेगाचा हेवा वाटावा.

मी घरी परतले. आईला अर्थ समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“म्हंजे साथ नही?” तिने विचारले.

इथे मी अडखळले. फ्लूचा विषाणू ओळखण्याची कोणतीही सोय आमच्या प्रयोगशाळेत नव्हती. थुंकीत काय नाही एवढेच मला सांगता येत असे. काय आहे ते नाही. ताप वाढत होते हे खरे होते. ते नेहमीच्या ऋतूचे होते की मी ज्याची तयारी करत होते त्याची ती सुरुवात होती, हे मला ठाऊक नव्हते. चुकून पसरलेला तो शब्द कदाचित बरोबरही असेल. ‘साथ नाही’ म्हणणे सोपे होते. त्या एका वाक्याने गाठोडे कदाचित खुंटीवर गेले असते. पण त्याच वाक्याने आबा आणखी दोन दिवस घरात राहिले असते, आणि त्यांची छाती त्या दोन दिवसांच्या लायकीची नव्हती. श्वास घेताना त्यांच्या गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. ते मी पाहत होते, आणि मी पाहते आहे हे आई पाहत होती.

“शे कदाचित,” मी म्हणाले. “माले नक्की माहीत नही. पन आबास्ले गाडीमा बसाडू नको. गावले ऑक्सिजन नही, माय. आपला दवाखानामा शे.”

आईने पिठाची पुरचुंडी गाठोड्यात नीट सरकवली. “तठे त्यासना जोडे कोन बठी?”

आराखड्यात याचे उत्तर होते आणि ते मीच लिहिले होते. कोणीही नाही. माझ्या नकाशावरची लाल रेघ आमच्या उंबऱ्यावरून, आई आणि आबा यांच्या मधून जात होती. काकांचे फाटक मला तेव्हा दिसले. आईचे ते एका वाक्याचे कारण प्रथमच ऐकू आले. मी पोथीपंडितासारखी संसर्गाबद्दल बोलू लागले तर तिने हात वर केला.

“माले मझार राहू देशी ते येसूत. नही ते गाडी.”

“राहू देसू,” मी म्हणाले. तिला वॉर्डात आत राहू देण्याचा अधिकार मला नव्हता.

सकाळी रिक्षा निघाली. आबा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना, गाठोडे आईच्या मांडीवर. पाऊस थांबलेला होता, पण रस्त्यावरच्या खड्ड्यांतले पाणी चाकांखालून उडत होते. डाव्या हाताला उधना स्टेशनाकडे जाणारी गर्दी दिसत होती: डोक्यावर ट्रंका, काखेत मुले, आणि मधूनमधून तो वाक्य तोडणारा खोकला. रिक्षावाल्याने वळणावर वेग कमी केला. त्याने गाठोडे पाहिले होते.

“स्टेशन ने?” स्टेशनच ना, असे त्याने विचारले.

मी आईकडे पाहिले. ती समोर पाहत होती. गाठोड्याची गाठ तिने मुठीत धरली होती. मी उत्तर देणार नव्हते. ते तिने द्यावे असे मला वाटत होते, आणि ते ती देईपर्यंत आबांचे तीन-चार श्वास गेले. ते मी ऐकले.

“दवाखाना,” आई म्हणाली.

मागच्या अंगणात कोकिलाबेन मास्क बांधून उभ्याच होत्या. समोरची रांग अगदीच तुटपुंजी. त्यांनी आबांना पाहिले, चटकन चाकाची खुर्ची पुढे घेतली, आणि मग सवयीने आईकडे बोट दाखवले.

“साथवाळा बहार!”

आई जागीच उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिला विचारण्यासारखे काही उरले नव्हते. मी वचन दिले होते आणि आता ते पाळायचे होते. मी ओरडूनच देसाई साहेबांना बोलावले. ते व्हरांड्यात होते. त्यांनी गाठोड्यासकट सगळा प्रकार पाहिला.

“साहेब, माझ्या आईला आत राहू द्या.”

“तमारो प्लान तमे ज तोडो छो?”

“हो. तो चुकला आहे. काल किती लोक खिडकीपासून परत गेले ते तुम्ही पाहिलेत. ते घरी बसलेले नाहीत, गाडीत बसायला निघाले आहेत. एकट्याने आत राहायचे असेल तर कोणीही आत येणार नाही. मग निवड एवढीच राहते, एक सोबतीण वॉर्डात, की तापाने भरलेला गाडीचा डबा.”

“आणि ती आजारी पडली तर?”

“पडू शकेल,” मी म्हणाले. हे मला बोलता आले याचे आजही आश्चर्य वाटते, कारण ‘ती’ म्हणजे माझी आई होती. “तिला मास्क बांधू, हात धुवायला शिकवू, तिथून हलू देणार नाही. धोका राहील. पण तो आपल्या डोळ्यांसमोर राहील.”

आबांनी खुर्चीतून हात उचलला. त्यांना बोलवत नव्हते. कारखान्यात आवाज पोचत नाही तेव्हा लूमवाली माणसे हातांनी बोलतात. त्यांनी दोन बोटे एकमेकांना जोडून धरली आणि आईच्या दिशेने हलवली. ती खूण मी लहानपणापासून ओळखते. दोन माग शेजारी चालवणारा आपल्या जोडीदाराला ती करतो: इकडेच थांब, सोबतीला.

कोकिलाबेननी ती बोटे पाहिली. मग त्यांनी आपणच एक उकळलेला मास्क उचलला आणि आईच्या तोंडावर बांधायला घेतला. “साहेब, मारी सासु होत तो तमारा बापथी पण बहार न जात,” त्या गाठ मारत म्हणाल्या. “चालो मासी. नाक ढांको.”

“आजनो दिवस,” देसाई साहेब म्हणाले आणि आत गेले.

तो ‘आजचा दिवस’ उद्याही राहिला आणि परवाही. आईने गाठोडे वॉर्डात सोडले. गोधडी खाटेशेजारच्या बाकावर अंथरली, सदरा खिळ्याला अडकवला, आणि पीठ कोणाच्या हाती लागू नये म्हणून उशाखाली ठेवले. आबांच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. आई मास्कच्या आतून बोले ते त्यांना कळत नसे. तिचे ओठ दिसत नव्हते. मग तीही बोटे जोडून दाखवी. दोघे असे तासन्‌तास मुक्याने बोलत, आणि मी दाराच्या काचेतून पाहून परत जाई. माझी काळजी कमी झाली नव्हती. आता ती दोन माणसांची झाली होती. आईला शिंक आली तरी माझा हात टेबलावरच थांबे.

बापूभाऊंना बोलवायला मी स्वतः गेले. ते ट्रंक बांधून बसले होते. आई आत आहे हे ऐकल्यावर त्यांनी आपल्या बायकोकडे पाहिले आणि विचारले, “मी बी मझार राहू?” ते आले. सगळे आले नाहीत. कितीतरी कुलपे दिवाळीपर्यंत तशीच होती. त्या घरांतले कोण कुठवर पोचले, ते मला कळायला मार्ग नव्हता. कोकिलाबेननी मात्र ‘साथवाळा’ हा शब्द सोडून दिला. मी त्यांना ‘सोबत कोण आहे?’ हे शिकवले. त्यांच्या तोंडी ते ‘सोबत कोण छे?’ झाले. त्याला त्या दोन जोडलेल्या बोटांची जोड देत. खिडकीतून ती बोटे आधी बाहेर येत, मग आवाज. पुढच्या पावसाळ्यात रांगेतली लहान पोरे त्यांची नक्कल करू लागली.

आबा सावकाश बरे झाले. मागावर परत गेले नाहीत. आईला काही झाले नाही. तो मोठा फ्लू, ज्याची मी वाट पाहत होते, त्या वर्षी आला की नाही हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. ताप आले आणि ऋतूबरोबर ओसरले. माझा आराखडा यशस्वी झाला असे सांगण्यासाठी जो पुरावा लागतो तो माझ्याकडे नाही. जे घडले नाही त्याचा नमुना काचपट्टीवर घेता येत नाही. या शास्त्रात काम करायचे तर हे अनुत्तरित असणे सोसावे लागते, आणि मला ते फारसे सोसत नाही.

काल रविवार. यंदाच्या आराखड्याचा तो अडलेला कागद घेऊन मी घरी बसले होते. बाहेर ऊन आणि ढग आळीपाळीने येत होते. आई खुंटीवरचे गाठोडे उतरवून पीठ बदलत होती. स्वयंपाकघरात जुन्या पिठाच्या भाकरी भाजल्या जात होत्या, ठेच्याच्या वासाने घसा खवखवत होता. इतक्या वर्षांनीही ते बांधलेलेच आहे, हे पाहून मला थोडा राग आला, थोडी भीतीही वाटली. तिला माझ्यावर विश्वास नाही का?

“आते बी गावले जानं शे का?” मी विचारले.

आईने गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

“गावले कसाले? तुना दवाखानामा. साथ ऊनी ते साथे कोन जाई?”

ती मराठीत बोलली की गुजरातीत, हे तिला विचारायचे माझ्या मनात आले. पण तेवढ्यात दारापुढच्या ओट्यावरून आबांचा खोकला ऐकू आला आणि माझे कान तिकडे वळले. ते कोणाशी तरी बोलत होते. पेन हातात तसेच धरून मी थांबले. खोकला संपला. क्षणभर काहीच नाही. मग त्यांचे वाक्य, जिथे थांबले होते तिथूनच, पुढे सुरू झाले.